मोटरहोमच्या पुढच्या काचेचे रबर आणि फिलर पट्टी घरच्या घरी बदलताना

मोटरहोमच्या पुढच्या काचेचे रबर बदलणे हे एका दिवसाचे काम आहे. त्या रबराखाली गंजलेला पत्रा बरा करण्याला मात्र, रंग वाळण्याचा वेळ धरून, सहज आठवडा लागतो. कोकण किनाऱ्यावर, खाडीपासून एक-दोन किलोमीटरच्या आत गाडी उभी करणाऱ्याने हा हिशेब आधी मनाशी पक्का करावा आणि मगच सुरी हातात घ्यावी, कारण आपल्याकडे काचेचे रबर क्वचितच एकटे खराब होते. रबर आणि पत्रा यांच्यातल्या फटीत खारे पाणी शिरते, तिथे ते वाळत नाही, पत्रा फुगतो, फुगलेला पत्रा रबराचा ओठ वर उचलतो आणि मग आणखी पाणी आत येते. नुसते नवे रबर घातले तर गळती एक पावसाळा थांबते. मी हे स्वतः करून पाहिलेले असल्यामुळे खात्रीने सांगतो.

माझी गाडी म्हणजे जुन्या मिनीबसच्या चासीवर बांधून घेतलेली मोटरहोम. देवगडजवळ आमच्या घरासमोरच्या खळ्यात ती बाराही महिने उभी असते. पहिल्यांदा काच गळू लागली तेव्हा एका गॅरेजवाल्याने रबराच्या कडेने सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली आणि काम झाले म्हणून सांगितले. त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. असा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि उघड्या लोखंडाला ते मारक असते; शिवाय त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर पुढे त्यावर ना रंग धरत, ना दुसरे सीलंट. ते सगळे खरवडून काढण्यात माझे दोन दिवस गेले. बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण आंबट वासाची नळी गाडीच्या काचेला लावू देऊ नये.

काच कशी बसवली आहे ते आधी ओळखावे

गाडीच्या पुढच्या काचा दोन प्रकारे बसवतात. एका प्रकारात काच रबराच्या चौकटीत असते: रबराला दोन खाचा असतात, एकीत काचेची कड बसते आणि दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. गाडीच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून रबराचा ओठ दिसत असेल, तर काच या प्रकारची आहे असे समजावे. बहुतेक रबरांच्या दर्शनी बाजूला तिसरी, अरुंद खाच असते आणि तिच्यात प्लास्टिकची किंवा कडक रबराची एक पट्टी दाबून बसवलेली असते, कधी काळी तर कधी चकचकीत. हीच फिलर पट्टी. लोक तिला शोभेची समजतात, पण ती पाचरीचे काम करते: ती आत गेली की रबराचे ओठ काचेवर आणि पत्र्यावर घट्ट दाबले जातात. ही पट्टी उन्हाने आखडली आणि तिच्या जोडात बोटभर फट पडली, तर रबर चांगले असूनही काच गळू शकते. अशा वेळी केवळ पट्टी बदलून भागते आणि काच काढावीच लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. काचेच्या कडेला आतून काळा रंगीत पट्टा दिसतो आणि आतल्या बाजूला रबर नसते. अशी काच गाडीच्या सांगाड्याच्या मजबुतीचा भाग असते. चिकटवणी चुकली तर धडकेत ती जागा सोडते. हे काम घरी करू नये. तेथे फक्त बाहेरची शोभेची पट्टी बदलण्यापुरता हात घालावा. पुढचे सगळे विवेचन रबरात बसवलेल्या काचेबद्दलच आहे.

पाणी कुठून येते हेही आधी नक्की करावे. डॅशबोर्डवर पाणी दिसले म्हणजे काचच गळते असे नव्हे. छतावरच्या दिव्यांचे स्क्रू, वायपरच्या दांड्याची वॉशर, छताच्या पत्र्याचा जोड, यांतून आलेले पाणी आतल्या अस्तरामागून वाहत येऊन नेमके काचेच्या कोपऱ्यातून टपकते. म्हणून एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने, जोर न लावता, पाणी सोडावे आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे. खालची कड पाच मिनिटे, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली की सगळेच एकदम भिजते आणि काहीच कळत नाही. आतून रबराच्या कडेने खडूची पूड भुरभुरून ठेवली तर पाण्याची पहिली रेघ तिच्यावर स्पष्ट उमटते.

खरेदी

रबर मीटरवर मिळते. आमच्याकडून लोक त्यासाठी घाट चढून कोल्हापूरला जातात, आणि रबर घेण्यापूर्वी नमुना पाहायचा असल्याने ते योग्यच आहे. जुन्या रबराचा बोटभर लांबीचा तुकडा सरळ कापून, त्याचा आडवा छेद स्वच्छ दिसेल असा, सोबत न्यावा. तीन मापे लिहून न्यावीत: काचेची जाडी, पत्र्याच्या कडेची जाडी, आणि काचेची कड व पत्र्याची कड यांच्यातले अंतर. तिसरे माप बहुतेक जण विसरतात. दोन खाचांच्या मध्ये जो रबराचा पडदा असतो त्याची जाडी या अंतराइतकी असावी लागते. ती कमी असेल तर काच चौकटीत हलते आणि जास्त असेल तर बसतच नाही. पत्र्याची जाडी एका ठिकाणी मोजून समाधान मानू नये. कोपऱ्यांवर पत्र्याचे दोन-तीन थर एकावर एक वेल्ड केलेले असतात, त्यामुळे वर्नियरने सहा-आठ ठिकाणी मोजावे, आणि तेही गंज नसलेल्या जागी.

रबर इपीडीएम या कृत्रिम प्रकारचे घ्यावे. ऊन आणि हवेतला ओझोन ते नैसर्गिक रबरापेक्षा फार चांगले सोसते. स्वस्त रबर ओळखायचे असेल तर तुकडा उलटा दुमडून चिमटीत घट्ट दाबावा. घडीवर बारीक चिरा दिसल्या किंवा बोटांना काळे लागले तर ते परत ठेवावे. इपीडीएमची एक खोड मात्र लक्षात ठेवावी: खनिज तेलाने ते फुगते. म्हणून ते रॉकेलने पुसू नये, त्याला ग्रीस लावू नये, आणि पेट्रोलच्या बोळ्याने चमकवू नये. खोबरेल तेलाची आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला सवय असते. इथे त्याने रबरावर तेलकट थर बसतो आणि सीलंट धरत नाही.

लांबीचा अंदाज असा: काच १.८ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच असेल तर घेर ५.४ मीटरच्या आसपास, कोपरे गोल असल्यामुळे थोडा कमीच. सहा मीटर रबर आणि सहा मीटर फिलर पट्टी घ्यावी. याशिवाय न वाळणारे ब्यूटाइल सीलंट, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, गंजावर लावायचे फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण, ८०, १८० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, मास्किंग टेप, आणि चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉन दोरी सात मीटर. दोरी मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात उत्तम मिळते. घरात काथ्याची दोरी पडलेली असते म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो, पण ती खरखरीत असल्याने रबराचा ओठ फाडते.

फिलर पट्टी बसवण्याचे एक साधे हत्यार असते. मुठीच्या टोकाला जाड तारेचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा डोळा. पट्टी त्या डोळ्यातून ओवायची, डोळा खाचेत घालायचा आणि ओढत न्यायचा. डोळा ओठ फाकवत पुढे जातो आणि त्याच्या मागोमाग पट्टी आत बसते. दुकानात मिळाले नाही तर सायकलच्या स्पोकला हा आकार देऊन, लाकडी मुठीत ठोकून घ्यावे. स्पोकची टोके घासून अगदी गोल करावीत, नाहीतर रबरावर ओरखडे उठतात. ओठ उचलण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर कधीही वापरू नये. मी पोफळीच्या दोन कामट्या तासून, टोके बोटासारखी गोल करून ठेवल्या आहेत. त्या चिवट असतात आणि काचेला इजा करीत नाहीत.

काच काढणे

दिवस निवडताना घाई करू नये. रोहिणी लागण्याच्या आत काम संपवावे असे सगळेच म्हणतात आणि मग मे महिन्याच्या शेवटी धावपळ करतात. माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण आठवडाभर काच नसलेली गाडी ठेवायची तर पावसाची धास्ती नको. फक्त तेव्हा सकाळी दव असते, हे ध्यानात ठेवावे.

वायपरचे हात काढण्यापूर्वी त्यांची जागा काचेवर टेपने खूण करून ठेवावी. बॅटरीची वजा तार काढावी, कारण डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर धूळ आणि पाणी दोन्ही पडणार आहे. डॅशबोर्डवर जुनी गोधडी अंथरावी. मग फिलर पट्टीचे टोक कामटीने उचलून ती ओढून काढावी. जुने रबर टाकायचेच असल्याने ते वाचवण्याचा प्रयत्न करू नये: बाहेरचा, काचेवरचा ओठ धारदार सुरीने पूर्ण घेरभर कापून टाकावा. पाते रबरात चालवावे, काचेच्या कडेवर टेकू देऊ नये. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पारदर्शक थर असतो. ती मधोमध बरेच सोसते, पण कडेला लागलेला बारीकसा टवकासुद्धा दुसऱ्या दिवशी हातभर तडा होऊन समोर येतो.

ओठ कापला गेला की काच सरळ बाहेर येते. एकाने आतून तळव्यांनी वरच्या कोपऱ्यांजवळ हळूहळू रेटावे, दोघांनी बाहेर उभे राहून ती धरावी. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला साधारण १५ किलो, म्हणजे वर सांगितलेल्या मापाची काच २४ किलोच्या आसपास भरते. वजन फार नाही; पण पकड गैरसोयीची असते आणि कडा बोचतात, म्हणून हातमोजे घालावेत. काढलेली काच आडवी ठेवू नये. दोन लाकडी पट्ट्यांवर गोधडी घालून, भिंतीला टेकवून, किंचित तिरपी उभी ठेवावी. चिऱ्याच्या उघड्या भिंतीला ती थेट टेकवू नये.

पत्र्याची कड

आता खरे काम. जुने रबर पूर्ण ओढून काढल्यावर खालचे दोन कोपरे आधी पाहावेत. माझ्या गाडीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात रबर निघाले तेव्हा त्याच्याबरोबर गंजाचा एक अखंड पापुद्रा निघून आला, रबराच्या खाचेचा छाप घेतलेला. त्याच्याखाली दुसरा पापुद्रा, त्याखाली तिसरा, कांद्यासारखे. आणि त्या सगळ्याच्या तळाशी पांढुरकी, ओलसर भुकटी. मे महिन्याच्या टळटळीत दुपारी ती ओली होती. हे मीठ. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा धरून ठेवते. आपल्या किनाऱ्यावर रबराखालचा पत्रा पाऊस नसतानाही ओला राहतो तो असा.

पहिल्या खेपेला मी इथेच चुकलो. गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, पत्रा चांदीसारखा चकाकला आणि त्याच दुपारी मी त्यावर रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला लावायचा साधा तांबडा प्रायमर, फिरवला. डोळ्यांना पत्रा स्वच्छ दिसत होता, पण गंजाच्या खड्ड्यांत मीठ तसेच होते. पावसाळा संपता संपता रंगाखाली फोड आले आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यामुळे त्याने नवे कोरे रबर आतून वर उचलले. सगळे काम पुन्हा करावे लागले.

म्हणून क्रम असा ठेवावा. सैल गंज पातळ पटाशीने खरवडून काढावा आणि तारेच्या ब्रशने कड घासावी. हे करताना चष्मा घालावा, कारण गंजाचे कण डोळ्यात गेले की दिवस वाया जातो. त्यानंतर पॉलिश पेपरकडे न वळता आधी पाणी घ्यावे: विहिरीचे किंवा नळाचे गोडे पाणी, साधा नायलॉनचा ब्रश, आणि खड्डा न् खड्डा घासून धुवावा. कोरडे होऊ द्यावे, पुन्हा तारेचा ब्रश मारावा, पुन्हा धुवावे. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटचे धुणे पावसाच्या साठवलेल्या किंवा बॅटरीत घालण्यासाठी मिळणाऱ्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याने करावे. मीठ गेले की नाही, हे पाहण्यासाठी पत्रा तसाच उघडा, पण दवापासून झाकून, रात्रभर ठेवावा आणि पहाटे विजेरी मारून पाहावा. जिथे मीठ उरले आहे तिथे खड्ड्यांत काळपट, ओलसर ठिपके दिसतात. माझ्या गाडीत तिसऱ्या धुण्यानंतर ते दिसेनासे झाले.

मग ८० नंबरच्या पेपरने आणि त्यावर १८० ने घासून, उरलेल्या खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण लावावे. ते डब्यावर लिहिले आहे तितकाच वेळ ठेवावे आणि लिहिले आहे तसे पुसून काढावे. जास्त ठेवल्याने जास्त गुण येत नाही, उलट उरलेल्या आम्लामुळे वरचा इपॉक्सी धरत नाही. प्रायमर देण्याची वेळ सकाळची, दव पूर्ण वाळल्यावर आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्याआधी. मतलई वारे असतात तोवर हवा जमिनीकडून येते आणि ओल्या रंगावर समुद्राचे तुषार बसत नाहीत. इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात, ३२० ने हलके घासणे, त्यावर गाडीच्या रंगाचे दोन हात. रेड ऑक्साइड एकटा या जागेला पुरत नाही.

पत्र्याला भोके पडली असतील तर पुट्टीने बुजवू नयेत. घाटातल्या वळणांवर बॉडी पिळवटते, पुट्टी तडकते, आणि तडकलेल्या पुट्टीत पाणी साठून नुकसान वाढते. शिवाय पुट्टीने कड जाड झाली की रबराची खाच तीवर बसत नाही. एक-दोन बोटांचा भाग असेल तर तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्यावा. खालची कड सलग वीतभर खाल्ली गेली असेल तर काम थांबवून चांगल्या डेंटरला दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

रंग दिल्यावर निदान चार दिवस गाडीला हात लावू नये. वरून कोरडा वाटणारा रंग आत मऊ असतो आणि रबराला चिकटून सालपटासारखा निघतो. या दिवसांत काचेच्या जागी ताडपत्री घट्ट बांधावी. आमच्या मांजरीने ही सूचना मनावर घेतली नाही आणि चालकाच्या सीटवर मुक्काम ठोकला.

रबर काचेवर, दोरी रबरात

काचेची कड स्पिरिटने पुसून घ्यावी आणि रबर आधी अर्धा तास उन्हात ठेवून मऊ करावे. ते काचेवर चढवताना ओढून ताणू नये. ताणून बसवलेले रबर काही महिन्यांत पूर्ववत आखडते आणि जोडात फट पडते. उलट लांबी घेरापेक्षा सुमारे एक टक्का, म्हणजे पाच मीटरला पाच सेंटिमीटर, जास्त ठेवून रबर जरा कोंबावे. जोड कोपऱ्यात कधीही येऊ देऊ नये. मी रबराचा जोड वरच्या कडेच्या मध्यावर आणि फिलर पट्टीचा जोड खालच्या कडेच्या मध्यावर ठेवतो, म्हणजे दोन्ही जोड एकावर एक येत नाहीत आणि पाणी साठते त्या खालच्या खाचेत रबर अखंड राहते. टोके नव्या ब्लेडने काटकोनात कापून सायनोॲक्रिलेटच्या झटपट गोंदाने जोडावीत.

आता पत्र्याच्या कडेसाठी असलेल्या खाचेत नायलॉनची दोरी पूर्ण घेरभर दाबून बसवावी. सुरुवात आणि शेवट खालच्या मध्यावर, दोन्ही टोके एकमेकांवरून हातभर पुढे काढून, आतल्या बाजूला लोंबती ठेवावीत आणि टेपने काचेला चिकटवावीत. खाचेत आणि पत्र्याच्या कडेवर साबणाचे पाणी सढळ हाताने लावावे. मी रिठ्याचे पाणी वापरतो. ते पुरेसे बुळबुळीत असते आणि नंतर धुऊन जाते. भांडी घासायच्या द्रव साबणानेही काम होते.

दोघांनी काच उचलून खालची कड आधी जागेवर टेकवावी आणि डावी-उजवीकडचे अंतर सारखे आहे की नाही ते पाहावे. हे अंतर आत्ताच जुळवावे; दोरी ओढायला लागल्यावर काच सरकत नाही. मग आत बसलेल्याने दोरीचे एक टोक काचेला समांतर, काचेच्या मध्याकडे, सावकाश ओढायचे. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. बाहेरच्याने नेमक्या त्याच जागी काच तळव्याने आत दाबत राहायचे. दोघांचा ताल जुळला पाहिजे. मी आत होतो आणि शेजारचे भाऊकाका बाहेर, दोरी सोपी निघते आहे असे वाटून मी हात सैल सोडला, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “थांब रे, कोपरो अजून बसूक नाय!” बाहेर जाऊन पाहिले तर वरच्या कोपऱ्यात ओठ पत्र्यावर चढण्याऐवजी त्याखाली दुमडला होता. कामटीने तो उचलून सरळ करायला पाच मिनिटे लागली. तसाच पुढे गेलो असतो तर काच पुन्हा काढावी लागली असती.

एक बाजू अर्धी झाली की दुसऱ्या टोकाने दुसरी बाजू अर्धी करावी, आणि वरचे कोपरे शेवटी. कोपरा बसत नसेल तर मुठीने ठोकू नये. आणखी साबण लावावा, रबर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे, थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा.

फिलर पट्टी, सीलंट आणि परीक्षा

चांगले रबर चांगल्या कडेवर बसले तर सीलंटशिवायही पाणी अडते. तरीही हाताने दुरुस्त केलेली कड कारखान्यातल्यासारखी सपाट नसते, म्हणून रबर आणि पत्रा यांच्यामध्ये बाहेरचा ओठ कामटीने उचलून ब्यूटाइलची बारीक धार सोडावी, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत जरा जास्त. त्याआधी साबणाचे पाणी पूर्ण वाळलेले असावे, म्हणजे हे काम दुसऱ्या दिवशीच करावे. रबर आणि काच यांच्यातही तसेच. न वाळणारे सीलंट निवडण्याचे कारण हे की बॉडी हलते तसे ते हलते, आणि पुढच्या वेळी काच काढताना ते आडवे येत नाही.

फिलर पट्टी सर्वात शेवटी बसवावी. ती कोमट पाण्यात भिजवून घ्यावी, खाचेत साबणाचे पाणी सोडावे, आणि खालच्या मध्यापासून सुरुवात करून हत्यार एका दमात, सारख्या वेगाने फिरवावे. हत्यार ओढताना पट्टीही ओढली जाते, म्हणून दर हातभर अंतरावर थांबून ती बोटाने मागे रेटावी. परत खालच्या मध्यावर आल्यावर लगेच कापू नये. टोक पाच-सहा सेंटिमीटर लोंबते ठेवून गाडी एक दिवस उन्हात उभी करावी. ताण उरला असेल तर पट्टी आखडून घेते. मग खाचेच्या लांबीपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवून कापावी आणि दोन्ही टोके भिडवून आत कोंबावीत. माझ्या पहिल्या पट्टीला मी ही सवड दिली नव्हती. गणपतीत बसवलेली पट्टी शिमग्यापर्यंत करंगळीच्या रुंदीइतकी उघडली होती.

परीक्षा सुरुवातीला सांगितल्याप्रमाणेच, नळीने, खालून वर, आणि आत खडूची पूड. या वेळी प्रत्येक बाजूला दहा मिनिटे द्यावीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दोन मिनिटांच्या चाचणीला काही अर्थ नाही. एखाद्या जागी रेघ उमटलीच, तर तिथला ओठ उचलून आधी तो दुमडलेला नाही ना, हे पाहावे आणि मगच सीलंट वाढवावे. चाचणी झाल्यावर वायपर खुणेवर बसवावेत, बॅटरीची तार जोडावी आणि पहिला दिवस दारे आपटताना एखादी खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे आतल्या हवेचा दाब नव्याने बसलेल्या काचेवर येत नाही.

या खटाटोपात जुनी काच तडकली आणि नवी घ्यावी लागली, तर ती लॅमिनेटेड असावी आणि तिच्यावर आयएसआयची खूण असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, त्यामुळे उन्हाचा त्रास होतो म्हणून गडद काच घेण्याचा विचार करू नये.

पुढची देखभाल थोडकी आहे. समुद्रकिनारी मुक्काम केला की घरी आल्यावर रबराच्या कडेने गोडे पाणी सोडावे, विशेषतः खालच्या खाचेत, जिथे वाळू आणि आंब्याचा मोहर साचून ओल धरतो. दोन-तीन महिन्यांनी रबरावर ग्लिसरीनचे फडके फिरवावे. मृगाआधी एकदा खालच्या दोन्ही कोपऱ्यांत ओठ कामटीने उचलून आत पाहावे. तांबूस पाण्याचा डाग दिसला तर पूर्ण काच काढण्याची गरज नसते. तेवढाच भाग धुऊन, वाळवून, ब्रशने प्रायमर लावता येतो. उरलेले रबर आणि पट्टी टाकून देऊ नये. वर्तमानपत्रात गुंडाळून, तिन्ही मापे आणि बसवल्याची तारीख वर लिहून, गाडीतल्याच एखाद्या खणात ठेवावी. पुढच्या वेळी दुकानात न्यायचा नमुना तोच.